टाचेच्या वळणावरचा टाका

चौतीस वर्षांच्या सेवेतील बहुतेक प्रकरणे आता माझ्यापुरती कागदावरच उरली आहेत. एक मात्र मनातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. बूट होते.

युद्धाचे दिवस होते. जबलपूरचे कारखाने अहोरात्र चालत. ठाण्याच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला असल्यामुळे रोजनामचा दिवसाही दिवा लावून लिहावा लागे. मी तेव्हा कांचघरच्या बाजूला उपनिरीक्षक होतो.

एका दुपारी इस्पितळातून एक बूट ठाण्यात आला. कारखान्यातील एका कामगाराच्या पायावर लोखंडी नळकांडे पडले होते. असे काम करणाऱ्यांना पुढच्या टोकात पोलादी वाटी बसवलेले बूट मिळतात. वजन पडले तरी बोटे वाचावीत, हा हेतू. या बुटातली वाटी दबली आणि तिच्याच कडेने त्याची तीन बोटे कापली गेली. वाटी पोलादाची नव्हती. तेलाच्या डब्याचा पत्रा होता.

प्रथम खबर नोंदवून मी कारखान्याच्या भांडारात गेलो. तपासणीचा शिक्का बरोबर होता. चामडे बरोबर होते. वजनातही फरक कळत नव्हता. खरा बूट कोणता आणि नकली कोणता, हे टोक कापल्याशिवाय सांगता येईना, आणि कापलेला बूट वाया जात होता. नवे बूट लवकर मिळण्यासारखे नव्हते. रोज सकाळी माणसे तेच बूट घालून आत जात होती.

तिसऱ्या दिवशी एक माणूस ठाण्यात येऊन दाराशी उभा राहिला. कारखान्याच्या फाटकासमोर पादत्राणे दुरुस्त करायला बसणारा, वर्ध्याकडचा. मी मराठी आहे हे त्याला कोणीतरी सांगितले होते. जखमी कामगाराचा दुसऱ्या पायातला बूट त्याच्याकडे आला होता. तो त्याने पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, हा ज्यानं शिवला त्याले मी ओळखतो."

"शिलाई मशीनची आहे."

"मशीनची नाही. मशीनसारखी आहे." त्याने बूट उलटा केला. "हे टाचेचं वळण पाहा. वळणावर मशीनचा टाका लांबते. याचा लांबला काय? एका मापाचा आहे. असा हात एकाचाच."

मी भिंगाखाली पाहिले. भांडारातून आणलेला खरा बूट शेजारी ठेवला. खऱ्याचे टाके वळणावर लांबले होते. नकली बुटाची शिलाई खऱ्यापेक्षा सरस होती.

"नाव सांग."

"आधी एक कबूल करा. तो माहा मोठा भाऊ आहे. बारा वर्षं झाली घर सोडून. मीच त्याले चार लोकांत बोललो होतो, तुह्या हातचं आता कोणी घेत नाही म्हणून. तो तसाच उठून गेला. आई माह्याकडंच आहे, कांचघरले. एक अंग गेलं तिचं. दारावर नजर लावून पडून राहते. मी फाटकापाशी काहून बसलो? इतके पाय जातात, एखाद्या पायात त्याच्या हातचा जोडा दिसंन म्हणून. तुम्ही त्याले पकडसान तेव्हा एक घंटा माह्या घरी आणा. तिले दाखवतो. मग न्या."

"आणीन," मी म्हणालो.

रोजनामच्यात मी 'गुप्त बातमीदाराकडून माहिती' एवढेच लिहिले. मोठा भाऊ कुठे राहतो हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हते.

आमच्या हवालदाराला त्याने अर्ध्या दिवसात वळणावरचा टाका ओळखायला शिकवले. दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना हवालदार फाटकात उकिडवा बसून एकेकाची टाच पाहू लागला.

"क्यों हवलदार साहब, पॉलिश का क्या लोगे?" एका कामगाराने विचारले.

"पहले पाँव आगे कर. बाद में आगे करने को पाँव ही न बचे तो?"

लोक हसले, पण पाय पुढे करू लागले. दोन दिवसांत भांडार आणि फाटक दोन्ही तपासून झाले. एकही बूट कापावा लागला नाही. सगळे नकली जोड एकाच ठेकेदाराच्या गाड्यांतून आले होते. मालधक्क्यावरून भांडारापर्यंतची वाहतूक त्याच्याकडे होती.

ठेकेदार सभ्यपणे आला. हात जोडून म्हणाला, "साहब, माल तो बाहर से सीलबंद आता है. मैं तो सिर्फ ढोता हूँ."

मी वाद घातला नाही. जप्त केलेल्यांपैकी एक जोड त्याच्यासमोर ठेवला आणि घालायला सांगितला. त्याने घातला. मग हवालदाराला मी मालखान्यातले वीस किलोचे वजन आणायला सांगितले. हवालदाराने ते दोन्ही हातांनी उचलून त्याच्या पायाशेजारी धरले, एवढेच. ठेकेदाराने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. बूट खरा समजणाऱ्या माणसाला तसे करण्याचे कारण नव्हते. मी त्याला तेच विचारले. अर्ध्या तासात त्याने मदन महलच्या टेकडीखालची एक खोली सांगितली. खरे बूट तो बाजारात विकत होता आणि त्यांच्या जागी त्या खोलीत शिवलेले भरत होता.

त्याच दुपारी मी छापा घातला. धाकट्या भावाला कळवले नाही. तशी कारणे होती. ठेकेदाराची माणसे खोली रिकामी करतील, वरिष्ठ अहवाल मागत होते, दिवस युद्धाचे होते. खरे कारण एकच. तो भावाला आधी सावध करील, असे मला वाटले.

मोठा भाऊ मांडीवर बूट घेऊन बसला होता. पळाला नाही. बूट चौकीदारांसाठी आहेत, वाटी नावापुरती, असे त्याला सांगितले होते म्हणे. ते खरे होते की नाही, मला आजही माहीत नाही. पंचनामा चालू असताना त्याने विचारले, "शिलाई कोणी ओळखली?"

मी पंचांना पुढचा जोड मोजायला सांगितला.

"ओळखणारा एकच आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा क्षणभर उजळला. पकडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद पुन्हा पाहिला नाही. मग तो पुढे झाला. "तो इथंच आहे काय साहेब? आई आहे काय?"

"ठाण्यात बोलू," मी म्हणालो.

ठाण्यात जबाब, मुद्देमालाची यादी, सह्या. दुसऱ्या दिवशी न्यायालय, तेथून तुरुंग. बोलणे राहिले.

धाकट्याला ही बातमी फाटकावर कळली. तो ठाण्यात आला आणि पहिल्या दिवशी उभा होता तिथेच उभा राहिला.

"साहेब, तुम्ही कबूल केलं होतं."

"तो आरोपी आहे."

"मले माहीत आहे ना. मी आरोपीच मागून राहिलो होतो. सुटलेला भाऊ कुठं मागितला?"

मी त्याला अर्ज लिहून दिला, स्वतः वर पाठवला, वरिष्ठांना दोनदा जाऊन भेटलो. परवानगी आठव्या दिवशी मिळाली. त्याची आई सहाव्या दिवशी गेली होती. घराऐवजी मी मोठ्याला नर्मदेवरच्या ग्वारीघाटावर नेले, तेही तिसऱ्या दिवसाच्या विधीला. बेडी मी रस्त्यातच काढली. नियमात ते बसत नव्हते.

दोघे भाऊ पाण्याशी बसले. बारा वर्षांनी भेटत होते. मोठ्या भावाने विचारले, "काही म्हणत होती काय?"

"तू जेवला काय, हे विचारे."

"मंग तू काय सांगे?"

"जेवला म्हणून सांगो."

परत निघण्याची वेळ झाली, तशी मी दोनदा घड्याळाकडे पाहिले. धाकट्याच्या ते लक्षात आले. तो शांतपणे म्हणाला, "बसा साहेब. आता कायची घाई?"

मी बसलो.

ठेकेदाराला शिक्षा झाली. मोठ्यालाही झाली, कमी. मला प्रशस्तिपत्र मिळाले. त्यात बातमीदाराचा उल्लेख नाही.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. बातमीदार जे मागतो ते आपण बातमीची किंमत समजतो. पुष्कळदा ती किंमत नसते. तेवढ्यासाठीच तो आलेला असतो, बातमी वाटेत घडते. त्यानंतर मी कोणालाही सहज शब्द दिला नाही, आणि दिला तेव्हा कारवाईच्या आधी पाळला.

धाकटा पुढेही फाटकासमोर बसे. मी जाताना दिसलो की उठून नमस्कार करी. कधी एक वाकडा शब्द नाही. मी तो रस्ता टाळू लागलो. पुढे माझी बदली झाली.

निवृत्त होऊन परतल्यावर मी त्याला भेटायला गेलो. त्याच्या जागेवर कोणी नव्हते. कांचघरमध्ये विचारले, वर्ध्याकडे पत्रे लिहिली, जुन्या हवालदाराला कामाला लावले. मोठा सुटल्यावर दोघे मिळून कुठेतरी गेले, एवढेच कळले. मला त्याच्यासमोर उभे राहायचे होते. काय बोलायचे, तेही ठरवले होते.

माणसे शोधून काढणे हे आयुष्यभर माझे काम होते. हा सापडला नाही. अजून कोणी त्या बाजूने आले की मी विचारतो.