सी बूशताच्या छातीतली गाठ

फेजच्या जुन्या शहरात, गल्लीच्या भट्टीपुढे सी बूशता चौतीस वर्षं उभा होता. घराघरांतून फळ्यांवर कणकेचे गोळे भाजायला यायचे आणि कुठली रोटी कोणाची, हे तो न विचारता ओळखायचा. या हुशारीनंच त्याचा घात केला. दुसरा कोणी हाताशी ठेवला की बाया नाक मुरडायच्या, ‘आमची रोटी शेजारणीकडे गेली’ म्हणून भांडायला यायच्या. कामाच्या माणसाला सुट्टी द्यायची घाई कोणालाच नसते.

दोन वर्षांपूर्वी त्याची डावी पापणी उतरली आणि भट्टीपुढेही त्या गालाला घाम येईना. कुठल्यातरी जिन-भुतानं थोबाडीत मारली, असा निकाल बायांनी देऊन टाकला. त्यानं ताईत बांधला आणि रोट्या भाजत राहिला. पुढे डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा बायको यमनानं बखोट धरून त्याला इस्पितळात नेलं.

डॉक्टर सेबतीबाईंनी एक्स-रेआधी चेहराच पाहिला. "काका, हे दुखणं चेहऱ्याचं नाही, छातीचं आहे. पापणीची अन् घामाची नस तिथून वर जाते."

एमआरआयमध्ये कण्याला चिकटून लिंबाएवढी गाठ निघाली, नसेच्या वेष्टणातूनच वाढलेली.

"बहुतेक साधीच असेल. पण ठेवली तर कण्यात शिरेल, पाय जातील. काढू या."

"मग भट्टी बंद का?"

तो घाबरलाय असं बाईंना वाटलं. खरं तर त्याला आशा लागली होती.

"ते नंतर बघू."

बरगड्यांमधून दुर्बीण घालून त्यांनी गाठ काढली. तीन आठवडे बूशता खाटेवर पडून एकाच वाक्याची वाट बघत होता. आपण होऊन भट्टी सोडली तर गल्ली शिव्या घालणार. डॉक्टरनं सोडायला लावली तर कोणाची बोलायची टाप नव्हती.

"गाठ साधी निघाली," तपासणीच्या दिवशी बाई म्हणाल्या. "हातही सुधारला. पापणी कदाचित अशीच राहील. महिन्याभरानं खुशाल भट्टीपुढे उभे राहा."

बाहेर बाकावर यमना होती. "काय म्हणाली?"

"बरा झालो म्हणे. पूर्ण."

तिनं आनंदानं अशी आरोळी ठोकली की सगळे वळून बघू लागले. बूशता तिच्याशेजारी बाकावर बसला. गाठ सापडली तेव्हाही त्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"यमना, मी दमलोय गं."

"ऑपरेशन झालंय, दमणारच."

"त्याच्या आधीपासून. दहा वर्षं झाली."

ती त्याच्याकडे वळली.

"अरे माणसा, एवढं बोलायला छाती चिरून घ्यावी लागली तुला?"