अर्धं वाक्य

नोराबाईंचं नाव आधी घेते. इथल्या, आयर्लंडमधल्या कासलबारच्या वकीलबाई. त्या नसत्या तर मला चोर ठरवून परत धाडलं असतं.

कोर्टात गार्ड, म्हणजे इथला पोलीस, उभा राहिला आणि माझा जबाब त्याने सांगितला. "आय टुक द चेन." बस.

मी सातवीत शाळा सोडलेली. पण टुक कळतं.

स्टेशनात मी म्हणाले होते, "बाळाला आंघोळ घालताना त्याच्या गळ्यातली साखळी काढली, हॉट प्रेसमध्ये टॉवेलखाली ठेवली." हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इथे घरोघरी असतं. माझं बोलणं इंग्रजीत सांगायला ताई बसली होती. नात्यातली. तिचंच बाळ सांभाळायला मी इथे आले. तक्रार तिच्या नवऱ्याची. लॉकडाउनमध्ये दुभाषी मिळेना, गार्डने चालवून घेतलं.

"घाबरू नको गं, मी आहे ना. तू आपली मराठीत बोल."

मास्कवर तिचे नुसते डोळे दिसत होते. तिने 'काढली'चं 'घेतली' केलं. पुढचं गिळलं. वर म्हणाली, "कर सही. ग्रँड आहे सगळं." इथे ठीकला ग्रँड म्हणतात.

नर्सिंग होमच्या, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमाच्या, किचनमध्ये काम मिळतंय, तुमच्याकडचं सोडून मी जाते, असं मी तिला नुकतंच सांगितलं होतं.

कोर्टात मी उभी राहिले. "नो. नॉट माय वर्ड."

जज म्हणाले, बसा. मागून ताई पुटपुटली, "बस खाली. खाल्ल्या मिठाला जाग जरा."

बसले नाही.

फोनवर हिंदी दुभाषी दिला. "दीदी, हिंदी तो आती है ना?"

गाण्यांपुरती येते. म्हटलं, "मराठी." त्याने परत विचारलं. "मराठी."

जज वैतागले. आहे त्याच जबाबावर पुढच्या तारखेला खटला चालेल, म्हणाले.

नोराबाई डब्लिनच्या हाय कोर्टात गेल्या. तिथे मराठी दुभाषी मिळाला, माझं पुरतं बोलणं पहिल्यांदा ऐकलं गेलं. वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा हात अडवला. म्हणालं, तक्रारदाराच्या बायकोने सांगितलेला जबाब हिच्याविरुद्ध वापरता येणार नाही, खटला इथेच थांबवा.

ताईचा मेसेज आला. "झालं गेलं विसर. आपण आपली माणसं."

उत्तर दिलं नाही. देणार नाही. माझी भाषा येते म्हणूनच तिला माझं वाक्य तोडता आलं.

कामावरून आले की इंग्रजी शिकते. नोराबाईंचं ऋण फेडायचंय. एक दिवस त्यांच्याकडे आलेल्या एखाद्या घाबरलेल्या बाईशेजारी बसेन आणि तिचं वाक्य शेवटपर्यंत सांगेन. ती बाई ताईची कुणी असली तरी. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.