हृदय मधोमध असतं

पुण्यात चिडक्या माणसांची वानवा कधीच नव्हती, पण हृदयाच्या जागेवरून अख्ख्या जगाशी भांडण मांडलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, हे यजमान. खडकीत राहून जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. हृदय छातीत मधोमध असतं, फक्त त्याचं टोक डावीकडे कलतं, हे ज्याला ठाऊक नाही तो यांच्या लेखी अडाणी. बोलताबोलता कुणी डाव्या छातीवर हात ठेवला की हे तो धरून मध्ये सरकवणार. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांचा सरकवला! मंडईत ढोबळी मिरची घेतानासुद्धा आतले कप्पे मोजल्याशिवाय घेत नाहीत. तीन निघाले की "हे बेडकाचं हृदय, माणसाचं चार कप्प्यांचं द्या" म्हणून परत. शेवटी भाजीवाली वैतागून म्हणाली, "काका, भाजी न्यायचीय का बेडूक?" गणपतीत मंडळाच्या रक्तदानाच्या फलकावर लाल बदाम काढलेला बघून यांनी कार्यकर्त्यांना तासभर झापलं. रक्तही दिलं म्हणा, पण शिव्या घालत.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ताईंचा घाबऱ्या आवाजात फोन आला. जाऊन बघतो तर हे खुर्चीत घामाने निथळतायत, डावा हात खांद्यापासून ठणकतोय आणि ताईंकडे ओवा मागतायत. मी म्हटलं, रिक्षा खाली उभी आहे, चला. तर मलाच शिकवायला लागले.

"दुखतोय खांदा. हृदय मधोमध असतं. हा वात आहे."

माझं डोकंच फिरलं. हृदयाचं दुखणं हातात उतरतं, हे याच माणसाने पोरांकडून घोकून घेतलेलं! मी वाट्टेल ते बोललो, थोरल्या साडूला तोंडावर गाढव म्हणालो. हे ढिम्म. डोळ्यांदेखत माणूस हातचा चाललेला आणि वाद जिंकल्याच्या तोऱ्यात बसलेला. तेवढ्यात ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि छाती धरून म्हणाल्या, "अहो, मलाच कसंतरी होतंय. मला दवाखान्यात न्या."

हे ताडकन उठले. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

दवाखान्यात ताईंनी डॉक्टरांना हळूच यांच्याकडे बोट दाखवलं. आडवं करून छातीला वायरी लावल्या तरी यांची आरडाओरड चालूच. "मला काय लावताय? आधी हिचं बघा!"

झटकाच होता, पण वाचले. ताईंना काहीच झालं नव्हतं, हे यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. अधूनमधून हे ताईंना तपासायला नेतात, रिपोर्ट चांगला आला की डॉक्टरला काही येत नाही म्हणून तणतणतात आणि दुसरा डॉक्टर शोधतात. ताई मुकाट्याने जातात. परवा मी चिडून ताईंना विचारलं, हे नाटक किती दिवस चालवणार?

"त्या निमित्ताने ते स्वतःचंही दाखवून घेतात," ताई म्हणाल्या. "आणि खरं सांगू का? तुला कुठे दुखतंय का, असं इतक्या वर्षांत त्यांनी आत्ता कुठे विचारायला सुरुवात केलीय."

आता कुणावर चिडायचं, ते मला कळेना.