मिक्श्चरचं पाणी

"भाऊ, आमनं मडकं कोनतं शे?" भिवाअक्काने दवाखान्याच्या दारात विचारलं. खरं तर तिथे एकच मडकं असायला हवं होतं.

मी कंपाउंडर. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात नाना नावाच्या सरकीच्या व्यापाऱ्यांनी धर्मार्थ दवाखाना काढला होता. त्याच ओसरीवर मुलांचा वर्ग, तोही मीच घ्यायचो. नाना तरुणपणी रंगूनला होते. तिथे तापाने फणफणले असताना विहारातल्या बौद्ध भिक्षूंनी जात न विचारता त्यांची शुश्रूषा केली. तसंच काही आपल्या मुलखात करायचं, एवढं डोक्यात घेऊन ते परतले. नियम एकच: सगळ्यांना एका मडक्यातलं पाणी, आणि मिक्श्चरही त्याच पाण्यात.

मिक्श्चर म्हणजे पाण्यात विरघळवलेलं औषध. पेशंट घरून बाटली आणायचा. मी ती भरून बाहेर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचो. एक खाच, एक डोस.

पण बाटल्या येईनात. गावातली माणसं दारातूनच विचारायची, "भाऊ, औषधमा पानी कोठलं शे?" सांगितलं की परत जायची. रोज यायची ती गावकुसाबाहेरची भिवाअक्का आणि तिची नात सखू. सखू पाटीवर अक्षरं गिरवायची. दोघी गेल्या की मी आणि बाटल्यांचं कपाट. रस्त्याने जाणाऱ्याने नुसता रामराम घातला तरी भरून यायचं. एकटेपणाने माणूस किती लाचार होतो, ते मी तिथे पाहिलं.

हिवतापाची साथ आली तेव्हा मी पडद्यामागे दुसरं मडकं ठेवलं. गावासाठी. बघता बघता ओसरी भरली. लोक भाऊ भाऊ करू लागले, जेवायचं आवतण येऊ लागलं. मी खूश होतो, हे कबूल करतो. सखूलाही तेव्हा ताप होता. अक्का तिची बाटली पुन्हा भरून घ्यायला आली आणि पडद्यामागचं मडकं तिला दिसलं. तेव्हाच तिने दारातून तो मडक्याचा प्रश्न विचारला.

ती रिकामी बाटली घेऊन तशीच गेली. सखूचं कुनैन निम्मंच झालं होतं, आणि ते मधेच सोडलं की ताप उलटतो. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी दुसरं मडकं मी सगळ्यांसमोर अंगणात आपटलं. ओसरी रिकामी व्हायला वेळ लागला नाही.

बाटली भरून अक्काच्या घरी गेलो. सखू गोधडीत कुडकुडत होती. अक्काने बाटलीकडे पाहिलंही नाही.

"पहिले आमना घरनं पानी पिशात का?"

तांब्या घेताना माझा हात थबकला. ते अक्काने पाहिलं. मी प्यालो. मग तिने बाटली घेतली, पहिली खाच बोटाने चाचपली आणि सखूला उठवलं.

सखू बरी झाली. वर्गात येऊ लागली. अक्का मात्र तिला अंगणात सोडून तिथूनच वळायची. ती पुन्हा ओसरीवर बसली नाही.

महिनाअखेर नाना आले. मी सगळं सांगितलं.

"आता कोण येतं?"

"सखू. बाकी कोणी नाही."

"ती तर आधीपासूनच येत होती ना?" नाना एवढंच म्हणाले.

पुढे वर्षभर मी त्या एका मडक्यापाशी बसलो, बहुतेक एकटाच. कंपाउंडरच्या परीक्षेत मिक्श्चरमध्ये पाणी किती घालायचं ते विचारतात. कुठलं घालायचं ते कोणी विचारत नाही.