पंधरा बादल्या

"टँक विकायला काढलाय. शनिवारी माणूस बघायला येतोय," असं मुलानं, सत्यजितनं, फोनवर सांगितलं आणि जगन्नाथ देवस्थळींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला विचारलंस?"

"बाबा, बादलीसकट जिन्यावरून पडलात तुम्ही. शहात्तर वय आहे. एनफ!"

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या घराच्या तळघरात तो सहा फुटी टँक एकवीस वर्षं उभा होता. आत मासे थोडे, झाडंच जास्त. दर रविवारी निम्मं पाणी बदलायचं, म्हणजे पंधरा बादल्या उपसायच्या आणि पंधरा ओतायच्या. त्यातली एक वर जायची, सुलभाबाईंच्या कढीपत्त्याला.

फोन आपटून ते टँकसमोर बसले. मुलाचा राग होताच, त्याहून जास्त स्वतःचा आला. तीस वर्षं मोटारींच्या रेडिएटरचे पाइप डिझाइन केले, आणि घरी पाणक्यासारख्या बादल्या वाहिल्या!

शुक्रवारी त्यांनी दोन नळ्या आणल्या. शनिवारी सकाळी एकीचं टोक टँकमध्ये बरोब्बर निम्म्यापर्यंत बुडवलं, दुसरं फरशीतल्या जाळीवर सोडलं. पाणी तिथवर उतरलं की नळी आपोआप थांबणार. दुसरी नळी कपडे धुवायच्या सिंकच्या नळाला जोडली. क्लोरीन मारायचं औषध अख्ख्या टँकच्या मापानं आधीच घातलं. पाणी निम्म्यावर आल्यावर नळाचं गरम-गार हातानं जुळवलं आणि तोटी सोडली.

थोड्या वेळानं सत्यजित गिऱ्हाइकाला घेऊन तळघरात उतरला, तेव्हा जगन्नाथराव खुर्चीत बसून चहा पीत होते. टँक आपला आपण भरत होता.

"विकायचा नाही," ते त्या माणसाला इंग्रजीत म्हणाले. "माझ्या मुलाला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं."

माणूस ओशाळून निघून गेला. सत्यजित नळ्यांकडे बघत राहिला. "हे आधीच का नाही केलंत?"

"गाढव होतो म्हणून! पण माझं गाढवपण मी निस्तरीन. तू जाहिरात देणारा कोण?"

"तुम्ही पडलात, बाबा. मी घाबरलो."

"मी टँकपाशी पडलो नाही. जिन्यात पडलो, कढीपत्त्याची बादली नेताना."

"आता माझ्या कढीपत्त्यावर खापर फोडा!" वरून सुलभाबाई ओरडल्या.

जगन्नाथरावांनी पायाशी बाजूला काढून ठेवलेली जुन्या पाण्याची बादली मुलाकडे सरकवली. राग अजून उतरला नव्हता.

"ही एक राहिलीच आहे. दर रविवारी येऊन वर न्यायची. आणि जिन्यात सांडलीस तर पुसायचं तूच."

सत्यजितनं कोट काढला आणि बादली उचलली.