केशरबाई बाकावर बसत नाही

माजलगावच्या धरणाखाली, उसाच्या फडांना लागून, ख्रिस्ती मंडळीचं पत्र्याचं प्रार्थनाघर आहे. आत एकच लांबरुंद सतरंजी. खुर्ची औषधालाही सापडायची नाही. ज्यांच्या आज्यांनी पाटलाच्या ओट्याखाली धुळीत बसून उमर काढली, त्यांनीच ठरवलेलं, की देवाच्या घरात सगळे एका सतरंजीवर बसतील. या सतरंजीची राखणदार म्हणजे केशरबाई.

एका नाताळला पुढारी मोहनराव शुभेच्छा द्यायला आले. कार्यकर्त्यानं लगबगीनं प्लास्टिकची खुर्ची आणली. केशरबाईनं ती उचलून सरळ अंगणात ठेवली. "सायेब, हितं समदे खालीच बसत्यात. तुमी बी बसा." मंडळीचा जीव टांगणीला लागला. मोहनराव मात्र निमूट खाली बसले, वर चहाही मागितला. तेव्हापासून केशरबाईची मान जी ताठ झाली, ती झालीच.

तिची लेक दिपाली पुण्यात नर्स झाली आणि सोबतच्या मलयाळी मुलाशी लग्न करून केरळात गेली. नातीच्या बाप्तिस्म्याला केशरबाई निघाली, तेव्हा दिपालीनं फोनवर बजावलं, "माय, हिकडं बाकं हायेत. खाली बसून माझं हसं करू नगंस. सासरचे समदे बघत्याल." केशरबाई "बरं बाई" म्हणाली. लेकीची लाज राखायची, असं तिनं मनापासून ठरवलंही होतं.

चर्च पाहून तिचे डोळे दिपले. विहीणबाई मरियम्मांनी हाताला धरून तिला पहिल्या बाकावर बसवलं. गाण्यांतलं काही कळेना, पण 'आमेन' आलं की तीही जोरात म्हणायची. सहज मागं पाहिलं, तर दाराशी झाडलोट करणारी म्हातारी एकटीच जमिनीवर बसलेली. बाकावर जागा होती, पण तिला कुणी बोलावलं नव्हतं. झालं! केशरबाईला बाक टोचायला लागलं. पदर सावरत, सगळ्यांदेखत ती मागं गेली आणि म्हातारीशेजारी मांडी घालून बसली. पुढच्या बाकावर दिपालीनं मान खाली घातली. केशरबाईनं ते पाहिलं, पण ती उठली नाही.

मग मरियम्मा उठल्या. आता बोलणी खायची, असं केशरबाईला वाटलं. पण त्या पांढरी साडी आवरत तिच्याशेजारीच टेकल्या आणि हळूच काही बोलल्या. पाठोपाठ बाळाला घेऊन आलेल्या दिपालीनं सांगितलं, "त्या म्हनत्यात, त्यांच्या लहानपनी हितं बी चटयाच व्हत्या. बाकं आली, अन् पुढची-मागची मानसं झाली."

"मंग ही तर आपलीच मंडळी हाय की गं!" केशरबाईचा ऊर भरून आला. एवढ्या लांब येऊन तिला आपलं माणूस भेटलं होतं.

उपासना संपल्यावर रेशमी साडीतली एक बाई केशरबाईकडं बोट दाखवून दिपालीला काहीतरी विचारू लागली. दिपालीनं लेकरू आईच्या मांडीवर ठेवलं, स्वतः जमिनीवर बसली आणि चारचौघांना ऐकू जाईल असं ठणकावून उत्तर दिलं. केशरबाईला त्यातला एकच शब्द कळला, अम्मा.