धक्क्यापासून दारापर्यंत

नकाशेकाकांनी हॉटेलच्या खोलीचा फोटो कधी पाहिला नाही. पलंग कसा आहे, नाश्त्याला काय देतात, स्टार किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ते दार बघायचे. रस्त्यावरून दिसणारं हॉटेलचं दार कॉम्प्युटरवर मोठं करून, नाक स्क्रीनला लावून उंबऱ्याच्या पायऱ्या मोजायचे. "झोप कुठेही लागते," म्हणायचे, "पाय सगळीकडे चालत नाहीत."

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आम्हा मराठी मंडळींपैकी कुणीही कुठे निघालं की हॉटेल काकाच निवडून द्यायचे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पूल तपासण्यात घालवली होती. रिटायर झाल्यावर ती नजर हॉटेलांवर वळली आणि आम्ही त्यांना नकाशेकाका म्हणायला लागलो. "काका, साइटवर दोन मिनिटं चालत असं लिहिलंय," असं कुणी म्हटलं की उसळायचे. "कुणाची दोन मिनिटं? पंचविशीतल्या पोराची? बरोबर तुझी आई, दोन बॅगा आणि वर चढ. दहा धर." दहाच लागायची.

माझे आईवडील बार्शीहून पहिल्यांदा आले तेव्हा नायगाऱ्याचं हॉटेल काकांनीच काढून दिलं. वडिलांचा जन्म एसटी डेपोत बसची चाकं बदलण्यात गेला, गुडघे कधीच कामातून गेलेले. तिथे दारातून निघून कठड्याशी पोचेपर्यंत त्यांना एकदाही बसावं लागलं नाही. परत आल्यावर म्हणाले, "त्या माणसाला माझे गुडघे न बघता कसे कळले?" काकांना हे सांगितलं तर एवढंच म्हणाले, "तू फोनवर सांगत होतीस ना, बाबा जिना उतरताना थांबतात म्हणून." मी ते सहज बोलले होते. त्यांनी लिहून ठेवलं होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पाठीशी कुणी नव्हतं, तेव्हा दिलेलं काम चोख करायचं आणि आहे ते आहे तसं सांगायचं, एवढ्या भांडवलावर मी इथवर आले. काकांचं माझ्यावर खास प्रेम होतं ते त्याचमुळे. "ही गोल गोल बोलत नाही," असं ते चारचौघांत सांगायचे आणि मी फुगायचे.

अख्ख्या गावाची हॉटेलं मिनिटांत ठरवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या बायकोसाठी मात्र एक हॉटेल ठरवता येत नव्हतं. काकूंना व्हेनिस बघायचं होतं. चर्च नको, चित्रं नकोत. "इथे येऊन इतकी वर्षं झाली, मी ड्रायव्हिंग शिकले नाही," त्या म्हणायच्या. "दूध आणायचं तरी ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसून. मला एकदा अशा गावात जायचंय जिथे कुणाकडेच गाडी नाही. दारातून बाहेर पडायचं आणि कुणाला न विचारता चालायला लागायचं." हे त्या हसत सांगायच्या, पण त्यांचा डावा पाय तेव्हाच ओढल्यासारखा पडायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढत जाणार. वेळ थोडा होता, आणि ते त्या दोघांनाही माहीत होतं.

काका बुकिंग करायचे. नेहमी फुकट कॅन्सल करता येईल असंच. मग रोज रात्री जेवण झालं की नकाशा उघडायचे. पाण्यातली बस जिथे थांबते त्या धक्क्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत पूल किती, पुलाला पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला. आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी कॅन्सल. "आमच्या व्हेनिसचं चार वेळा विसर्जन झालं," काकू म्हणायच्या. "गणपती तरी दहा दिवस बसतो." सनीव्हेलहून त्यांची मुलगी फोनवर ओरडायची, "बाबा, जस्ट बुक इट!" काका तेवढ्यात नकाशा आणखी मोठा करायचे. मला एकदा म्हणाले, "मी आयुष्यभर पूल तपासले. पडलेला पूल परत बांधता येतो गं."

मग ऑफिसच्या कामाने मला इटलीला जायचं निघालं. एक रविवार मोकळा होता. काकांनी एक कागद दिला. तीन हॉटेलं, प्रत्येकापुढे रकाने: पूल, पायऱ्या, पायरीची उंची, कठडा, लिफ्ट. बरोबर स्वतःची स्टीलची टेप. मी तो अख्खा रविवार त्या टेपने पायऱ्या मोजण्यात घालवला. लोक बघत होते. बघू देत.

पहिली दोन हॉटेलं पुलापलीकडे निघाली. तिसरं मात्र काकांना हवं होतं तसंच होतं. धक्क्यापासून चाळीस पावलं, मध्ये एकही पूल नाही, दार गल्लीच्या पातळीत. पण आत गेल्यावर लिफ्टपाशी पोचायला पाच पायऱ्या होत्या आणि कठडा एकाच बाजूला, डावीकडे. काकूंचा डावा हात अलीकडे धरलेलं सोडून द्यायचा. मी उंची मोजली, साडेसहा इंच, आणि तशीच लिहिली.

काकांनी माझा कागद दोनदा वाचला. "शाब्बास," म्हणाले. संध्याकाळी पाचवं बुकिंगही कॅन्सल केलं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. ओरडल्या नाहीत. "अगं, तुला खोटं बोलता येत नाही का?" त्यांनी विचारलं. "पाच पायऱ्या! मी बसून चढले असते. रांगत चढले असते." मी म्हटलं, "काकू, मी आहे ते लिहिलं." त्या म्हणाल्या, "हो गं. ह्यांची विद्यार्थिनी शोभतेस." त्यांनी मला दिलेला तो एकच टोमणा. अजून सलतो.

त्याच हिवाळ्यात काकू घरात पडल्या. स्वयंपाकघरात, सपाट फरशीवर. पायरी नव्हती, उंबरा नव्हता, काका दोन हातांच्या अंतरावर उभे होते. खुब्याचं ऑपरेशन झालं, मग छातीत कफ झाला, आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं.

त्यांच्या दिवसांत मी काकांकडे पोळ्या लाटत होते तेव्हा मला एकदम ते आठवलं. त्या रविवारी पाण्यातल्या बसमध्ये एक म्हातारी चढली होती. चढली म्हणजे काय, बोटीवरच्या माणसाने तिची चाकाची खुर्ची धक्क्यावरून सरळ आत ढकलली. मीच सरकून तिला जागा दिली. ती बाजूला, वाऱ्याला तोंड करून बसली. एका धक्क्यावर उतरली, तिथल्या चौकात फिरली, आणि मी परतताना पुन्हा बोटीत होती. तिच्या मांडीवर भाजीची पिशवी होती. पूल तिला आडवा येतच नव्हता. काकूंना खुर्चीतून जाऊन राहता आलं असतं असं एखादं हॉटेल तिच्या वाटेवर नक्की सापडलं असतं. शोधलं असतं तर. पण काकांच्या कागदावर चाकाच्या खुर्चीला रकाना नव्हता, आणि मी रकाने भरत होते. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लाटणं हातात धरून मी तशीच उभी राहिले.

काकांनी हॉटेलं निवडणं बंद केलं. लोकांचे फोन यायचे, ते म्हणायचे, "कुठलंही घ्या, चांगलीच असतात सगळी." हे त्यांच्या तोंडून ऐकवत नसे. जेवणही टाकल्यात जमा होतं. मी शनिवारी डबा घेऊन जायचे आणि पुढच्या शनिवारी तो तसाच फ्रिजमध्ये सापडायचा.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी त्यांनी मला टेबलाशी बसवलं. "एक विचारतो," म्हणाले. "तू तिथे प्रत्यक्ष जाऊन आलीस. तिला नेण्याचा काही मार्ग होता का गं? माझ्या नजरेतून सुटलेला? तू सांगशील. तू खरं तेच सांगतेस."

ते चष्मा काढून माझ्याकडे बघत होते.

"नव्हता, काका," मी म्हटलं. "मी सगळीकडे पाहिलं."

त्यांनी बराच वेळ मान डोलावली. "मग बरोबरच केलं आपण," ते म्हणाले. आणि डबा जवळ ओढून झाकण उघडलं.